वन्संच्या गावात परीक्षा

जळोची, बारामती
१२ नोव्हेंबर

ती. सौ. मामीस,
साष्टांग नमस्कार.

मायना वाचून हसू नकोस. शाळेत पत्रलेखनाला मला पैकीच्या पैकी मिळायचे, पण खरं पत्र लिहायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आलीय. हॉस्टेलवर परत आल्या आल्या बाईंनी सगळ्यांचे मोबाईल कपाटात कोंबले आणि किल्ली कमरेला अडकवली. घरी फोन फक्त रविवारी, तोही ऑफिसातून. मागं मुलींची रांग आणि समोर बाई. तिथं उभं राहून मी तुला समीकरणं सांगायला लागले, तर अख्ख्या हॉस्टेलला कळेल की माझी मामी दहावीला बसतेय. आणि तू मामाचा फोन स्पीकरवर टाकून बोलतेस, म्हणजे तिकडं अख्ख्या कळस गावाला कळेल. म्हणून पत्र.

मामी, दिवाळीत भाऊबीजेला आम्ही तुमच्याकडं आलो होतो तेव्हा तू भाकरी थापता थापता विचारलंस, "श्रेया, नववी नापास बाईला धाव्वीला बसता येतं का गं?" मला वाटलं कुणा शेजारणीसाठी विचारतेस. तव्यावरची भाकरी करपली तरी तू माझ्याकडंच बघत होतीस, तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी बचत गटाचं काम आहे असं सांगून तू, मी आणि गटातल्या द्वारकाबाई इंदापूरला गेलो, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, आणि येताना पेढे घ्यायचंसुद्धा धाडस झालं नाही. आता हे आपल्या तिघींत. आईला तर अजिबात कळता कामा नये. तिची जीभ तुला माहीत आहे.

आता पहिला धडा. x म्हणजे एक संख्या, जी आपल्याला अजून कुणी सांगितलेली नाही. घाबरायचं नाही. तिला एका बाजूला एकटी उभी करायची, बाकी सगळं बरोबरच्या चिन्हापलीकडं न्यायचं. पलीकडं जाताना अधिकचं उणे होतं. पुस्तकातलं पहिलं प्रकरण काढ आणि पहिली पाच उदाहरणं करून पाठव.

माझं काय चाललंय विचारशील. इथं दर महिन्याला परीक्षा होते आणि मार्कांप्रमाणे तुकड्या पाडतात, तुकडीत परत मार्कांप्रमाणे बाक. मी पहिल्या तुकडीत शेवटच्या बाकावर आहे. माझ्या मागं भिंत आणि भिंतीच्या मागं दुसरी तुकडी. सर शिकवत असतात आणि माझं अर्धं लक्ष त्या भिंतीकडं असतं. दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा गावानं फ्लेक्स लावला होता, आठवतंय? आता मेडिकलची तयारी. मला डॉक्टर व्हायचंय का, हे विचारायला कुणाला सुचलं नाही, मलासुद्धा.

छकुलीला पापा.

तुझी,
श्रेया


कळस
२९ नोव्हेंबर

चि. श्रेयास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं नेमकं मामाच्या हातात दिलं. मामा म्हणतो कसा, "भाचीचं पत्र, आन् मामाला न्हाय? मामीला?" मी म्हटलं, पोरीबाळींच्या अडचणी असत्यात, तुमी वाचणार हाय का? बिचारा लाजून गोठ्याकडं पळाला. आता तुझ्या पत्राला तो हातसुद्धा लावत नाही.

अभ्यास कसा करते ऐक. रोज संध्याकाळी छकुलीची पाटी काढून बसते. घरात सगळ्यांना वाटतं मी पोरीचा अभ्यास घेते. मामा परवा म्हणाला, "चौथीच्या पोरीला येवढा अब्यास कशाला? वाळून जाईल ती!" छकुली तिकडं कार्टून बघत असते.

तू मला अजून विचारलं नाहीस की हे खूळ कशापायी. सांगते. श्रावणात शेजारची पोर दारात गणित घेऊन आली होती. आमची छकुली तिला म्हणाली, "माज्या आईला नको इचारू, ती नापास हाय. पप्पा आल्यावर इचारू." वाईट मनानं नाही म्हणाली. 'ती उंच हाय' म्हणावं तसं म्हणाली. मामा डाळिंबाचे क्रेट मोजताना येताजाता मला 'नववी नापास' म्हणतो, त्याचं मला काही वाटत नाही, नवऱ्याला बोलायला काहीतरी लागतंच. पण पोरीच्या तोंडून ऐकलं ते मनाला लागलं बघ. पास झाले तर सगळ्यांना सांगेन. परत नापास झाले तर ते मात्र कुणाला कळायला नको. एका जन्मात दोनदा नापास म्हणवून घ्यायची माझ्यात ताकद नाही.

उदाहरणं सोबत आहेत. तीन चुकली असतील. बरोबरच्या पलीकडं गेलं की अधिकचं उणे का होतं, ते काही डोक्यात शिरत नाही. पोरगी सासरी गेली की बदलते तसं काही आहे का?

आणि आता तुझा कान धरायचाय. द्वारकाबाई चौकशी करून आल्या. माझं केंद्र आलंय लासुर्ण्याला! अगं बये, फॉर्म भरताना तू शाळा कुठली निवडलीस? तुझ्या आईच्या गावात जायचं आणि वन्संच्या उंबऱ्याला पाय न लावता परत यायचं? सासूबाई गेल्यापासून ह्या घरात मोठं माणूस म्हणजे वन्सं. लासुर्ण्यावरून नुसती एस्टी जाणार असली तरी मामा आधी बहिणीला फोन करतो. गावात जाऊन त्यांच्याकडं चहा न घेता आलेलं माणूस ह्या घरात अजून जन्माला आलेलं नाही. आणि चहाला गेले तर 'कुठनं आलीस, कशाला आलीस' हे आलंच. तूच सांग आता काय करू.

तुझी मामी


जळोची
२८ डिसेंबर

मामी,

चूक माझीच. यादीत माझ्या शाळेचं नाव दिसलं आणि बोट आपोआप तिथं गेलं. वाटलं, वर्ग माहितीचे, पाण्याची टाकी कुठंय ते माहितीय, शिपाईमामा ओळखीचे. ती माझी शाळा, एवढंच डोक्यात होतं. ते तुझ्या नणंदेचं गाव आहे हे डोक्यात आलंच नाही. आता केंद्र बदलत नाही म्हणतात. आपण मार्ग काढू. शाळा वेशीजवळ आहे, आमचं घर पार दुसऱ्या टोकाला. आई सकाळी घराबाहेर पडत नाही.

सासरचं उदाहरण मी मैत्रिणीला सांगितलं तर ती हसून हसून लोळली. तसं नाही गं. बरोबरचं चिन्ह म्हणजे तराजू. एका पारड्यातनं पाच काढलेस तर दुसऱ्यातनंही पाच काढायचे. पलीकडं काही जात नाही, दोन्हीकडनं काढतो म्हणून तसं दिसतं. आम्हाला शाळेत कुणी हे असं सांगितलं नव्हतं, 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' एवढंच घोकलं. तुझ्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला तेव्हा मला नीट कळलं. आणि तीन नाही, चार चुकलीत. पण पाचवं बरोबर आहे आणि ते सगळ्यांत अवघड होतं.

आता एक सांगते, आईला सांगू नकोस. मी तिसऱ्या तुकडीत गेलेय. दुसरीत एक महिनासुद्धा बसले नाही, पहिलीतनं थेट खाली. नाताळची तीन दिवस सुटी होती. घरी फोनवर सांगितलं, जादा तास आहेत, येत नाही. जादा तास नव्हते. सगळ्या मुली गेल्या आणि मी राहिले. वाटलं होतं शांतपणे अभ्यास होईल. पुस्तक उघडायचे, मिटायचे, जिने उतरायचे, परत चढायचे. खिडकीतनं एका अंगाला नव्या बिल्डिंगचं प्लास्टर चालू आणि दुसऱ्या अंगाला ऊस होता. सुटीतच त्याला तोड आली. टोळी आली, गाड्या भरल्या आणि रान मोकळं. आता खिडकीत बसलं की लांबपर्यंत नुसतं पाचट दिसतं आणि जीव जास्तच वरखाली होतो.

सुटी संपायची वाट बघितलेली ही माझी पहिली सुटी. एकच काम मन लावून केलं, तुझ्यासाठी वर्गसमीकरणाच्या पायऱ्या लिहून काढल्या. सोबत आहेत. त्या लिहिताना मात्र मी उठले नाही.

श्रेया


कळस
१७ जानेवारी

चि. श्रेया,

तिळगूळ घ्या, गोड बोला. वड्या पाठवल्यात, बाईंच्या कपाटात जाऊ देऊ नकोस.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्यावर चिडले होते. नाताळात हॉस्टेलवर एकटी बसलीस? कळसला यायला काय झालं होतं? गाडी आहे, मामा आहे. तुझं मी लपवायचं आणि माझं तू, असला हा आपला व्यवहार झालाय. मला तो पटत नाही, पण मोडवतही नाही, कारण मीही त्यात अडकलेय. तरी सांगते, वन्संना सांगून टाक. त्या बोलतील, भरपूर बोलतील, पण बोलून झाल्यावर जेवायला वाढतात. माझा अनुभव आहे.

आता माझी बातमी. तुझ्या पायऱ्यांनी एक वर्गसमीकरण सोडवलं. मागच्या पानावर उत्तर बघितलं तर तेच! परत बघितलं. तेच. काय करावं सुचेना. उठून अंगणात गेले, परत आत आले, गाईला वैरण टाकली, ती आधीच टाकलेली होती. कुणाला तरी सांगावं म्हणून जीव नुसता तुटत होता आणि घरात मामा. तो म्हणाला, "काय गं, येरझाऱ्या घालतीस? पोटात दुखतंय का?" मी म्हटलं, व्हय. त्यानं ओव्याचं पाणी करून दिलं. प्यावं लागलं.

वेळापत्रक आलं. मराठी आधी, मग इंग्रजी. गणिताचा पहिला भाग बुधवारी, पाच मार्चला. दुसरा शुक्रवारी. आणि मधल्या गुरुवारी आमची यात्रा. देवानं बरोबर मधला दिवस धरला. ह्या घरातली रीत तुला माहीत आहे, पहिला नैवेद्य माहेरवाशिणीच्या हातचा. वन्सं येऊन ताट उचलतात तोवर घरात कुणी पोळीचा तुकडा मोडत नाही. म्हणजे बुधवारी पेपर देऊन येऊन रात्रीत पुरण शिजवायचं. जमेल. बचत गटाचं प्रशिक्षण आहे असं घरी सांगून ठेवलंय. द्वारकाबाई खोटं बोलायला माझ्यापेक्षा तयार आहेत.

मामी


जळोची
१६ फेब्रुवारी

मामी,

घाईत लिहितेय, आमची पण परीक्षा आहे.

कॉलेजच्या मुली बांधतात तसा स्कार्फ बांध, डोळे तेवढे दिसू देत. स्टॅंडवर उतरलीस की उजवीकडच्या बोळातनं जा, शाळेच्या मागच्या फाटकाशी निघतेस. पेपर हातात आला की आधी पूर्ण वाच. येत नसेल ते सोड, पुढं जा, मग परत ये. रिकामं काही ठेवू नकोस. गणितात उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना मार्क असतात.

मला माझ्या परीक्षेची नाही, तुझ्या परीक्षेची धडधड होतेय. हे बरोबर आहे का चूक, काय माहीत. तिसऱ्या तुकडीत आता एक मुलगी माझ्याकडं गणित विचारायला येते. तिला पण तराजूच सांगितला.

श्रेया


कळस
२५ फेब्रुवारी

चि. श्रेया,

मराठीचा पेपर झाला! वर्गात शिरले तर पुढच्या बाकावरची पोरगी उठून उभी राहिली, म्हणाली, "बाई, नंबर हितंच हाय का माजा?" तिला वाटलं मी पर्यवेक्षक. मी तिच्या मागं बसल्यावर तिचा चेहरा बघायला पाहिजे होतास. पेपर हातात आला. मग लिहायला लागले ते घंटा होईस्तोवर मान वर केली नाही. बोट सुजलं. इतकी वर्षं भाकरी थापल्या, कधी हात दुखला नाही. येताना बसमध्ये खिडकीशी बसले आणि मला आपोआप हसू येत होतं. शेजारची बाई सरकून बसली.

आता वाईट ऐक. स्टॅंडवर गोजरबाई बांगड्यांचा हारा घेऊन बसली होती, तुमच्या आळीतली. स्कार्फ होता, सगळं होतं, पण ती चालीवरनं ओळखते माणूस. "कळसची कौसल्या न्हवं गं तू?" मी मान हलवली, नाही म्हणून, आणि बसमध्ये चढले. ताकाला जाऊन भांडं लपवलं. थांबून दोन शब्द बोलले असते तर निभावलं असतं. आता ती म्हणणार, ओळख दाखवली नाही, म्हणजे पाणी मुरतंय.

बाकीच्या सगळ्या पेपरांच्या खेपा त्याच स्टॅंडवर घालायच्यात. पुस्तक समोर घेते आणि अक्षरं हलतात. बघू काय होतंय ते.

मामी


जळोची
१ मार्च

आई,

मी तुला पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, मी बरी आहे. उद्या रविवार. तू फोनवर विचारशील, "बरी हायस ना?" आणि मी म्हणेन, "बरी हाय." दर रविवारी एवढंच होतं. मागं रांग असते, समोर बाई असतात, आणि खरं सांगायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून लिहून टाकते.

एक. मी तिसऱ्या तुकडीत आहे, डिसेंबरपासून. नाताळात जादा तास नव्हते. मी आले नाही कारण तू विचारलं असतंस आणि मला तोंडावर खोटं बोलता आलं नसतं. मला जीवशास्त्र आवडत नाही आई. गणित आवडतं. पुढं काय करायचं ते मला अजून माहीत नाही. पण जे चाललंय त्यात माझा जीव रमत नाही, हे नक्की.

दोन. गोजरबाईनं तुला काही सांगितलं असेल, तर ते खरं आहे. मामी लासुर्ण्यात येते. माझ्या शाळेत दहावीचे पेपर द्यायला येते. केंद्र मी निवडलं, चुकून. तुझ्याकडं न येण्याचं कारण तू नाहीस. परत नापास झाली तर कुणाला कळू नये, एवढंच तिला वाटतं. मी तिला सांगितलं नाही की तुला लिहितेय. ती माझ्यावर रागावेल. पण बुधवारी तिचा गणिताचा पेपर आहे आणि तो तिनं शांतपणे द्यावा असं मला वाटतं. तू स्टॅंडवर जाऊ नकोस, मामाला फोन करू नकोस. तुला कळलंय आणि तू रागावली नाहीस, एवढं तिला कुणीतरी सांगायला हवं. ते तूच सांग.

माझ्यावर रागावलीस तरी चालेल.

श्रेया


कळस
५ मार्च

श्रेया,

आजचा पेपर झाला नाही.

रविवारी वन्संचा मामाला फोन आला होता. गोजरबाईनं तिखटमीठ लावून सांगितलं असणार. वन्सं म्हणाल्या, "मी यात्रंला येत न्हाय. तुज्या बायकूला माजा उंबरा जड झालाय. गावात येती आन् तोंड बांधून पळून जाती." मामा माझ्याकडं बघायला लागला. मी बचत गटाचं सांगितलं. त्यानं विश्वास ठेवला, पण त्यानं काय होतंय. माहेरवाशीण आली नाही तर नैवेद्य नाही. तो काल सारखा म्हणत होता, "पाया पड, काय बी कर, पर आक्काला आण." आज सकाळी त्यानं साडी घेतली, नारळ घेतला, आणि मला गाडीवर बसवलं. समजूत काढायला. आजच.

हॉलतिकीट माझ्याजवळ होतं. वाटलं, वाटेत सांगू. वेशीत शाळा आली. फाटकात पोरी उभ्या होत्या, हातात पॅड घेऊन, ती माझ्या पुढच्या बाकावरची पण. मामानं हॉर्न वाजवला, पोरी बाजूला झाल्या आणि आम्ही पुढं गेलो.

तू म्हणशील, सांगायचं होतंस. श्रेया, सांगितलं असतं तर काय झालं असतं? 'माजी समजूत काढायला न्हाय आली, परीक्षंला आली आन् जाता जाता साडी टाकली,' असं झालं असतं. वन्सं मग जन्मात कळसला आल्या नसत्या. त्यांनी सरळ विचारलं मला, "कशाला येत हुतीस ते सांग, मग बोलते." मी म्हटलं, बँकेत काम होतं. त्या हसल्या. लासुर्ण्याची बँक आणि कळसची बाई! ते हसणं मला अजून दिसतंय.

मग मामानं हात जोडले, मी पाया पडले, साडी ठेवली. शाळेची घंटा झाली तेव्हा मी चपात्या लाटत होते. एवढ्या लांब ऐकू येते गं ती. वन्सं म्हणाल्या, "तुज्यासाठी न्हाय येत, देवासाठी येते." मामाचा जीव भांड्यात पडला. सगळे जेवले. मी भांडी घासली. पेपर सुटला असेल तेव्हा आम्ही परत फाटकावरनं आलो, पोरी उत्तरं जुळवत होत्या.

पुरण शिजत टाकलंय आणि हे लिहितेय. वर्गसमीकरण येत होतं मला. खरंच येत होतं. शुक्रवारचा पेपर मी देणार नाही. आता मला पुढचं काही पाठवू नकोस. तुझ्यावर राग नाही. थकले फक्त.

मामी


लासुर्णे
९ मार्च

चि. श्रेया,

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर हसू नकोस.

तुझं पत्र बुधवारी आलं. तुझ्या रामहरीमामाची गाडी आळीतून वळली आणि पोस्टमन आला. वाचलं आणि मोरीकडं नजर गेली. भांडी घासून, पुसून, पालथी घालून ठेवलेली. पेपर द्यायला निघालेली बाई माझी भांडी घासून गेली. मी तिथंच खाली बसले.

गुरुवारी कळसला गेले. नैवेद्याचं ताट उचललं, देवाला दाखवलं, तोवर कुणाला काही बोलले नाही. देवाच्या दारात तमाशा नको. कौसल्या माझ्या पुढ्यात आली की मान खाली. पंगत उठल्यावर रामहरीला गोठ्यात नेलं आणि सांगितलं. आधी तो हसला. "कौसल्या? धाव्वीला?" मग माझ्या तोंडाकडं बघितलं. म्हणाला, "आक्का, मी फाटकात हॉर्न वाजवला गं." डोळे पुसत उभा राहिला तिथं, येवढा बाप्या.

तिला म्हटलं, चल, कपडे घे, माझ्याकडं चल. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, उद्याचा पेपर तू देणार नसशील तर मी इथून हलत नाही, आणि मी किती दिवस राहू शकते हे तुला माहीत आहे. हसली बाई तेव्हा. जीपमध्ये पुस्तक उघडून बसली. शुक्रवारी मी तिला फाटकापर्यंत घेऊन गेले, बोळातनं नाही, पेठेतनं. गोजरबाई विचारते, "कुटं गं निघाला नणंदा-भावजया?" म्हटलं, "पेपर हाय तिचा. धाव्वीचा."

पेपर होईपर्यंत मी बाहेर कट्ट्यावर बसले. बाकीच्या आया होत्या, पोरांच्या. एकीनं विचारलं, तुमचं कोण? म्हटलं, भावजय.

तिथं बसल्या बसल्या मला माझा राग कळला. मला वाटत होतं तो उंबऱ्याचा राग आहे. मानपानाचा. पण तुझं पत्र वाचल्यावर तो गेला पाहिजे होता, आणि तो गेला नाही, उलट वाढला. दिवाळीत तुम्ही तिघी इंदापूरला गेलात तेव्हा मी कळसलाच होते. ओसरीत बसून शेंगा फोडत होते. मला विचारायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तुला मी कधी सांगितलं नाही. रामहरी लहान असताना त्याला गोवर आला होता. आई रानात जायची, म्हणून मला थोडे दिवस शाळेतून घरी ठेवलं. तो बरा झाला. मग कुणी मला म्हटलंच नाही, की आता जा. मीही विचारलं नाही, वाटलं, उद्या म्हणतील. सातवीत होते. दप्तर पुष्कळ दिवस खुंटीला होतं.

तुझ्या तुकडीचं कळलं. बोलायचं ते बोलेन, समोर आलीस की. जीवशास्त्र नको असेल तर नको. पण नाताळात एकटी राहिलीस ते मला अजून टोचतंय. पुढच्या सुटीला तुकडी कुठलीही असो, घरी यायचं. रविवारी फोनवर 'बरी हाय' म्हणून ठेवून देऊ नकोस, बाई समोर असल्या तर असू देत.

शुक्रवारचा पेपर बरा गेला म्हणते, पुढचे पेपर इथं राहूनच देईल. बुधवारचा हुकलेला भाग तिला जुलैत द्यावा लागेल. तिची शिकवणी बंद करू नकोस, ती नको म्हणाली तरी पाठव.

मी तिला विचारलं, सातवी अर्ध्यावर सोडलेल्या बाईला बसता येतं का. येतं म्हणाली. तेव्हा आता दोन पत्रं लिहीत जा, एक कळसला, एक मला. मला तिच्या पुस्तकातलं काही कळणार नाही. आमच्या वर्गात शेकडेवारी चालू होती, सरांनी फळ्यावर तिसरं उदाहरण घातलं होतं. ते माझं अजून राहिलंय. तिथनं शिकव.

आई